बायकांसाठी वेगळा पोहण्याचा वर्ग: पाटी लावण्यापलीकडे काय काय लागतं

तलावाच्या वेळापत्रकात 'महिलांसाठी: दुपारी 2 ते 3' अशी एक ओळ घातली की बायकांची सोय झाली, असं पुष्कळ ठिकाणी धरून चालतात. दोन-तीन महिन्यांनी हजेरी बघितली जाते, मोजक्याच जणी आल्या म्हणून तो तास बंद होतो, आणि 'बायकांनाच हौस नाही' असा शेरा मारून विषय संपवला जातो. त्या तासाला जीवरक्षक म्हणून उभा असलेला माणूस पुरुषच होता, एका बाजूची भिंत काचेची होती, कपडे बदलायला एकच मोठी खोली होती आणि पुढच्या तासाची मुलं पंधरा मिनिटं आधीच दारात घुटमळत होती, हे त्या शेऱ्यात येत नाही. पाटी बायकांची, बाकी सगळं नेहमीचंच.

धर्मामुळे, घरच्या वळणामुळे, वयामुळे, अंगावरच्या व्रणांमुळे किंवा नुसत्या संकोचामुळे ज्या बायका पुरुषांसमोर पाण्यात उतरणार नाहीत, त्यांना पाण्यात जीव वाचवायला शिकवायचं तर काय काय करावं लागतं, ते इथे उलगडून सांगायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: या कामात अर्धी सोय अशी काही चीज नसते. नऊ गोष्टी नीट केल्या आणि दहावी राहिली, तर जी बाई त्या दहावीसाठीच अडून बसली होती तिच्या दृष्टीने आधीच्या नऊ फुकट.

एवढा खटाटोप कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली. त्यातली 90 टक्क्यांहून जास्त कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती आणि जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर एकूण आकड्यांत पुरुष बायकांपेक्षा जास्त बुडतात. ते पाण्याच्या जास्त जवळ जातात, जास्त धाडस करतात, दारू पिऊनही उतरतात. मग बायकांसाठी वेगळं काही करायची गरजच काय, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे.

त्याचं उत्तर असं की हे आकडे बहुतेक वेळा माणूस पाण्याकडे गेल्याचे असतात. पाणी माणसाकडे येतं तेव्हा चित्र पालटतं. 2004 च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या संस्थेने इंडोनेशियातल्या अचेह बेसार जिल्ह्यातल्या चार गावांत पाहणी केली. वाचलेल्या 676 लोकांमध्ये बायका होत्या फक्त 189. कारणं एकात एक गुंतलेली होती. काही पुरुष त्या वेळी खोल समुद्रात किंवा कामासाठी गावाबाहेर होते, बायका किनाऱ्यालगतच्या घरांत होत्या, कडेवर आणि हाताशी मुलं होती. आणि पुरुषांना लहानपणापासून येणारं पोहणं आणि झाडावर चढणं बायकांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

शंभर वर्षं मागे गेलं तरी हेच दिसतं. 15 जून 1904 रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये 'जनरल स्लोकम' या बोटीला आग लागली. एका चर्चची वार्षिक सहल होती, कामाचा दिवस असल्याने बोटीवर मुख्यतः बायका आणि मुलं होती. काठ डोळ्यांना दिसत असताना हजाराहून जास्त माणसं मेली. जीव वाचवणाऱ्या जाकिटांतला बूच कुजून गेलेला, अंगावर त्या काळचे जाड लांब कपडे, आणि पोहता येणाऱ्या अगदी मोजक्या. त्यानंतरच्या वर्षांत बायकांना पोहायला शिकवा, ही मागणी अमेरिकेत जोर धरू लागली. 1917 मध्ये शार्लट एपस्टीन यांनी न्यूयॉर्कमध्ये बायकांची पोहण्याची संघटना काढली. 1926 मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली स्त्री, गर्ट्रूड एडर्ली, याच संघटनेत तयार झाली.

आणखी एक कारण आहे, ते कुठल्याही मोठ्या आपत्तीशिवाय रोज लागू पडतं. लहान मूल पाण्यात पडतं तेव्हा बहुतेक वेळा सगळ्यात जवळ आईच असते. तिला पाणी कळत नसेल तर ती एकतर काठावर आरडाओरडा करत राहते, नाहीतर मागचा-पुढचा विचार न करता उडी घेते, आणि मग एकाऐवजी दोन जीव जातात.

ही मागणी नवीन नाही, आणि एकाच धर्माची तर नाहीच

बायकांचा वेगळा तास म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यांसमोर थेट मुस्लिम बायका येतात. त्यांची गरज खरीच आहे, पण यादी बरीच लांब आहे. सनातनी ज्यू बायका पुरुषांसमोर पोहत नाहीत. गंमत म्हणजे तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात बापाच्या कर्तव्यांत मुलाला पोहायला शिकवणं हेही एक कर्तव्य म्हणून काहींनी सांगितलेलं आहे. ते मुलाच्या बाबतीत. मुलीचा उल्लेख तिथे नाही.

ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या कूजी इथे समुद्रकाठी बायकांचं राखीव स्नानस्थळ 19 व्या शतकापासून आहे, आणि 1995 मध्ये त्याला राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यातून अधिकृत सूट मिळाली. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवरचं बायकांचं तळं 1925 पासून चालू आहे. तिथे जाणाऱ्या कितीतरी जणींचा धर्माशी काही संबंध नसतो. कुणी बघत नाही एवढंच त्यांना हवं असतं.

ऑलिंपिकमध्ये बायकांचं पोहणं पहिल्यांदा आलं ते 1912 मध्ये, स्टॉकहोमला. 100 मीटरचं सुवर्ण मिळालं ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅकला. पण ती जाणार की नाही यावर आधी तिच्याच देशात मोठा वाद झाला होता, कारण न्यू साउथ वेल्सच्या महिला जलतरण संघटनेचा नियमच होता की बायकांनी पुरुष प्रेक्षकांसमोर स्पर्धेत उतरायचं नाही. म्हणजे आज 'त्यांच्या संस्कृतीत असतं' असं म्हणून ज्याकडे बोट दाखवलं जातं, ते शंभर वर्षांपूर्वी बोट दाखवणाऱ्यांच्याही घरात होतं.

आडोसा म्हणजे नेमकं काय

आता मुद्द्याचं. बायकांचा वर्ग चालतो की बंद पडतो, हे पाण्यात उतरायच्या आधीच ठरलेलं असतं.

सगळ्यात आधी जीवरक्षक. शिक्षिका बाई मिळते, पण काठावर उंच खुर्चीत बसणारी प्रशिक्षित जीवरक्षक बाई मिळणं अवघड असतं, आणि जीवरक्षकाशिवाय वर्ग घेणं हा गुन्हाच समजावा. एखाद्या दिवशी ती आजारी पडली तर? बदली म्हणून गुपचूप पुरुष बसवायचा आणि 'आजच्या दिवस चालवून घ्या' म्हणायचं, हा सगळ्यात घातक मार्ग. त्या दिवशी आलेल्या जणी बोलणार नाहीत, पुढच्या वेळी येणार नाहीत. सकाळीच निरोप देऊन वर्ग रद्द करावा. रद्द झालेल्या वर्गाचा राग लोक विसरतात, फसवणुकीचा विसरत नाहीत.

मग नजरा. काचेच्या भिंतीला पडदा लागतो, तो पाण्याचे शिंतोडे आणि दमटपणा सोसणारा, खालपर्यंत येणारा. प्रेक्षकांच्या गॅलरीला कुलूप. दार उघडलं की थेट पाणी दिसत असेल तर दाराच्या आत दुसरा आडपडदा, म्हणजे ये-जा होताना फट पडत नाही. पाण्याची तपासणी करणारा, पंपाच्या खोलीत जाणारा, सफाई करणारा, सगळ्यांची कामं वर्गाआधी उरकलेली हवीत. कॅमेरे असतील तर त्या तासाला पडद्यासमोर कोण बसतं, हा प्रश्न बायकांनी विचारण्याआधी आयोजकांनी स्वतःला विचारावा. फोन सगळ्यांचे कपाटात, शिक्षिकेचाही. प्रसिद्धीसाठी 'एकच पाठमोरा फोटो' हा मोहसुद्धा नको.

एक गोष्ट क्वचितच कुणाच्या लक्षात येते. आगीची घंटा वाजली किंवा कुणाला फीट आली, तर रुग्णवाहिकेतून पुरुष येणारच, आणि ते यायलाच हवेत. म्हणून काठावर, हात लांबवला की मिळेल असे मोठे टॉवेल किंवा अंगभर झगे टांगून ठेवायचे आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायचं की असं झालं तर असं करायचं. जीव वाचवणं आधी, पण आधीच ठरवून ठेवलं तर दोन्ही साधतं.

कपडे बदलायच्या खोलीबद्दल वेगळं सांगायला हवं. पुरुष नसले म्हणजे बायकांना एकमेकींसमोर कपडे बदलायला काही वाटत नाही, हा समज चुकीचा आहे. पुष्कळ जणींच्या धर्मात आणि वळणात बायकांनी बायकांसमोरही काय झाकावं याच्या मर्यादा आहेत. शिवाय शस्त्रक्रियेची खूण, कोड, भाजल्याचा डाग, बाळंतपणानंतरचं सुटलेलं पोट. दार आतून लागणाऱ्या छोट्या खोल्या आणि पडद्याचे शॉवर हवेत.

लेकरांचा प्रश्न सुटल्याशिवाय आया येत नाहीत. सोबत मुलगा आणता येईल का, कितव्या वर्षापर्यंत? हे आधी लिहून लावावं, नाहीतर एक दिवस कुणीतरी उंचापुरा मुलगा घेऊन येते आणि आत खुसफुस सुरू होते. लहानग्यांना सांभाळायला शेजारच्या खोलीत कुणी असेल तर हजेरीत फरक लगेच दिसतो. वेळ अशी हवी की घरातलं आवरून जाता येईल आणि अंधार पडायच्या आत परतता येईल. पहाटे साडेपाच किंवा रात्री दहा, म्हणजे इतरांना नको असलेले उरलेसुरले तास, देऊन 'आम्ही तर दिले होते' म्हणू नये.

रमजानचे उपास असतील तर काही जणी तोंडात पाणी जाईल म्हणून दिवसा पोहणार नाहीत, काही जणींना त्यात अडचण वाटणार नाही. याचा निर्णय बाहेरच्याने करू नये, त्यांनाच विचारून वेळापत्रक लावावं. पाळीच्या दिवसांचंही तेच. पॅड पाण्यात कामाचं नाही, ते पाणीच शोषून घेतं. टॅम्पॉन किंवा कप वापरून पोहण्यात आरोग्याला धोका नाही. पण ज्यांना ते वापरायचं नाही त्यांना त्या दिवशी काठावर बसून दोरी फेकायचा सराव करता यावा. हजेरी बुडाली असं व्हायला नको.

अंगावर काय घालायचं

सिडनीत राहणाऱ्या, लेबनॉनमध्ये जन्मलेल्या अहेदा झनेट्टी यांनी 2004 मध्ये डोकं, हात आणि पाय झाकणारा पोहण्याचा पोशाख तयार केला, तोच बुर्किनी. आता तसे पोशाख अनेकजण बनवतात, आणि उन्हापासून कातडी वाचवायला म्हणून ते कुठल्याही धर्माशी संबंध नसलेल्या बायकाही घालतात.

तलाववाले 'सुती कपडे चालणार नाहीत' म्हणतात, त्यात दरवेळी दुष्टावा असतोच असं नाही. सुताचे धागे सुटून गाळणीत अडकतात, आणि रस्त्यावरच्या कपड्यांबरोबर धूळ आणि घाम पाण्यात उतरतो. उपाय सोपा: नायलॉन किंवा पॉलिस्टरचा, अंगासरशी बसणारा आणि फक्त तलावासाठी ठेवलेला पोशाख, मग तो मनगटापासून घोट्यापर्यंत का असेना. डोक्यावरचं वस्त्र गळ्याभोवती गुंडाळलेलं किंवा टोकं लोंबणारं नको, ते कशातही अडकून फास बसू शकतो. टोपीसारखं डोक्यावर चढणारं, वरच्या कपड्याला जोडलेलं हवं. मोठ्या, दाट केसांसाठी नेहमीची टोपी पुरत नाही. मोठ्या आकाराच्या एका टोपीला जागतिक जलतरण संघटनेने 2021 मध्ये मान्यता नाकारली, गदारोळ झाला आणि 2022 मध्ये दिली. केस नीट झाकले जात नाहीत एवढ्याशा कारणाने कितीतरी जणी पाण्यापासून लांब राहतात, हे त्यामुळे निदान चर्चेत तरी आलं.

कपड्यांबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: भिजलेले कपडे माणसाला खाली ओढतात. तसं होत नाही. कपड्यात भरलेल्या पाण्याचं वजन पाण्यात असेपर्यंत जाणवत नाही, कारण भोवतीही पाणीच असतं. उलट पडल्यावर पहिल्या काही क्षणांत कपड्यांत अडकलेली हवा आधार देते, आणि हातपाय झाडले की ती निघून जाते. कपड्यांचा खरा त्रास दोन जागी होतो. हालचाल करताना ते पाण्याला अडतात आणि पायांत गुंडाळतात, त्यामुळे दम लवकर लागतो. आणि काठावर चढताना, पाण्याबाहेर आल्याबरोबर, ते सगळं वजन एकदम अंगावर येतं. म्हणून कपड्यांसकट पाण्यात पडलेल्या माणसाने आधी शांत तरंगायचं, पायांनी मोठे झटके न देता हात पाण्याखालीच ठेवून हळू सरकायचं, आणि काठाशी आल्यावर एकदम वर न येता आधी कोपर, मग छाती, मग एक गुडघा असं थांबत थांबत वर यायचं, म्हणजे पाणी निथळत जातं.

नेदरलँड्समध्ये कालवेच कालवे, तिथल्या मुलांना पोहण्याचं पहिलं प्रमाणपत्र मिळवायलाच कपडे आणि बूट घालून पोहून दाखवावं लागतं. पुढच्या पायऱ्यांना कपडे वाढत जातात. माझ्या मते बायकांच्या प्रत्येक वर्गात निदान एक दिवस रोजच्या कपड्यांचा हवाच, तलाववाल्यांशी बोलून, धुतलेले कपडे आणून. कारण पाय घसरतो तेव्हा अंगात पोहण्याचा पोशाख नसतो.

पाण्यात पहिलं काय शिकवायचं

मोठ्या वयात शिकणारीला हात कसे मारायचे याची घाई नसते. तिला भीती असते ती तोंडावर पाणी येण्याची. म्हणून सुरुवात श्वासापासून. छातीएवढ्या पाण्यात, कोमट असलं तर फारच बरं, काठ धरून तोंड पाण्यात घालायचं आणि नाकाने गुणगुणल्यासारखा 'म्ममम' करत श्वास सोडायचा. आवाज चालू आहे तोवर नाकात पाणी शिरत नाही. नवशिके नेमकं उलटं करतात: पाण्यात श्वास कोंडून धरतात, आणि तोंड वर आल्यावर तेवढ्या क्षणात सोडायलाही बघतात आणि घ्यायलाही. घुसमट होते ती प्राणवायू संपल्याने नव्हे, अंगात कार्बन डायऑक्साइड साठल्याने. श्वास पाण्यातच सोडायची सवय लागली की अर्धी भीती तिथेच जाते.

मग तरंगणं. फुप्फुसं हवेने भरलेली असतात म्हणून छाती वर राहते, पाय जड असतात म्हणून ते खाली जातात. पाय खाली गेले म्हणजे आपण बुडतोय असं वाटतं आणि बाई दचकून डोकं वर उचलते. डोकं चार-पाच किलोचं, ते पाण्याबाहेर काढलं की तेवढा भार उरलेल्या अंगाला पेलावा लागतो आणि सगळंच खाली जातं. शिक्षिका मानेखाली हात देते (विचारून, 'मान धरू का?' असं म्हणून), कान पाण्यात, हनुवटी किंचित वर, हात डोक्याच्या बाजूला पसरलेले, श्वास मोठा. पाय लोंबकळत राहिले तरी चालतात. बायकांच्या अंगात सरासरीने चरबी पुरुषांपेक्षा जास्त असते, त्यामुळे त्यांना तरंगणं बहुधा सोपंच जातं. शरीराबद्दलची ही एक गोष्ट अशी की जी ऐकून वर्गात हमखास हशा पिकतो.

पण खरा क्षण पुढचा. पाठीवर तरंगणाऱ्या बाईला परत उभं राहता आलं पाहिजे, आणि हे वेगळं शिकवावं लागतं, असं न शिकलेल्याला वाटतच नाही. ती घाईने पाय खाली टाकायला बघते, पाय पुढे निसटतात, डोकं मागे जातं, कमरेएवढ्या पाण्यात गटांगळी. पद्धत अशी: हनुवटी छातीकडे आणायची आणि गुडघे छातीकडे घ्यायचे, खुर्चीत बसल्यासारखं. दोन्ही तळहातांनी पाणी मागून पुढे ढकलायचं. अंग आपोआप उभं होऊ लागतं. तळपाय जमिनीला टेकले की मग सरळ उभं राहायचं. पहिल्यांदा हे एकटीला जमतं तेव्हा बाईच्या चेहऱ्यावर जे येतं ते पुढे लांबी पोहून झाल्यावरही येत नाही. उभं राहता येतं हे कळल्याशिवाय कुणी मनापासून आडवं होत नाही.

सूचनांचीही एक अडचण असते. तरंगताना कान पाण्यात, वर टोपी, शिक्षिका ओरडली तरी ऐकू येत नाही. म्हणून कोरड्यावरच तीन-चार खुणा ठरवायच्या: थांब, उभी राहा, श्वास सोड. भाषा वेगळी असलेल्या जणींनाही याचा उपयोग होतो. चष्मा असणारीला काढल्यावर खुणाही दिसत नाहीत, तिला नंबरचा पोहण्याचा चष्मा मिळवून द्यायला हवा. आणि शिक्षिका स्वतः पाण्यात हवी. काठावरून हातवारे करणाऱ्या शिक्षिकेवर भरवसा ठेवून कुणी मान सोडत नाही.

कुठवर शिकलं म्हणजे पुरे? अमेरिकन रेड क्रॉसने पाच गोष्टी सांगितल्या आहेत, मला ती कसोटी आवडते. डोक्यावरून जाईल एवढ्या पाण्यात उतरून परत वर येणं, एक मिनिट तरंगणं किंवा जागीच टिकून राहणं, गोल फिरून बाहेर पडायची जागा शोधणं, तिथवर 25 यार्ड म्हणजे साधारण 23 मीटर जाणं, आणि शिडीशिवाय बाहेर येणं. यात वेग नाही, कुठला प्रकार पोहायचा हेही नाही. शेवटचं, शिडीशिवाय बाहेर येणं, बायकांना सगळ्यात जड जातं आणि सगळ्यात कमी शिकवलं जातं.

दुसऱ्याला वाचवताना

बुडणारा माणूस हात हलवून मदत मागतो, असं आपल्याला वाटतं. फ्रान्सेस्को पिया या अमेरिकन जीवरक्षकाने बुडणाऱ्यांचं बारकाईने निरीक्षण करून दाखवलं की खरं बुडणं जवळजवळ मुकं असतं. तोंड पाण्याच्या वरखाली होत राहतं, ओरडायला श्वास उरत नाही. हात बाजूला पसरून पाणी दाबत राहतात, ते उंचावता येत नाहीत. अंग उभं, पाय चालत नाहीत. हे 20 ते 60 सेकंद चालतं. मुलं पाण्यात असताना गोंगाट चालू आहे तोवर ठीक, शांतता झाली की बघायचं.

वाचवायचा क्रम: आवाज द्या, काही लांब पुढे करा, तरंगणारं काही फेका. आत जाणं शेवटी, आणि प्रशिक्षण नसेल तर नाहीच. काठावर पालथं पडून लांब कापड किंवा काठी पुढे करणं हे कुणालाही जमतं. बाहेर काढल्यावर श्वास चालत नसेल तर बुडालेल्याला आधी श्वास द्यायचा असतो. युरोपातल्या मार्गदर्शनात सुरुवातीचे 5 आणि अमेरिकेतल्या 2 श्वास, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास असा क्रम. उलटं टांगणं, गोल फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं यात फक्त वेळ जातो, आणि पोटातलं पाणी वर येऊन श्वासनलिकेत शिरायची भीती. हे पुस्तकात वाचून हातात बसत नाही, बाहुलीवर सराव करावा लागतो, आणि बायकांच्या वर्गात तो मोकळेपणाने होतो.

तलावात जमलं म्हणजे नदी-समुद्रात जमलं असं नाही. वाहत्या पाण्यात वाहून गेलात तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, आणि पाय दगडांत अडकेल म्हणून जोरात वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न नाही. समुद्रात ओढ लागली तर तिच्या विरुद्ध न जाता किनाऱ्याला समांतर. थंड पाण्यात पडल्यावर पहिला मिनिट-दीड मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, तेवढा वेळ फक्त तरंगायचं. बोटीत बसताना जाकीट सगळ्या कपड्यांच्या वरून घालायचं, झाकून घ्यायचं म्हणून पदराखाली, शालीखाली किंवा झग्याखाली नाही. हवा भरून फुगणारं जाकीट कपड्याखाली फुगलं तर छाती आवळली जाते.

'मग हे वेगळेपण कायमचंच का?'

हा आक्षेप दोन्ही बाजूंनी येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका सार्वजनिक तलावावर बायकांचे राखीव तास होते, 2016 मध्ये त्याविरुद्ध भेदभावाची तक्रार झाली. शेवटी तास कमी झाले, बंद झाले नाहीत. फ्रान्समध्ये ग्रनोबल शहराने 2022 मध्ये तलावात बुर्किनीला परवानगी दिली, तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती रोखली. स्वित्झर्लंडमधल्या एका मुस्लिम कुटुंबाने मुलींना शाळेच्या मुलामुलींच्या एकत्र पोहण्याच्या तासाला पाठवायला नकार दिला. युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये शाळेच्या बाजूने निकाल दिला, पण शाळेने बुर्किनी घालायची आणि मुलांपासून वेगळं कपडे बदलायची मुभा दिली होती, हेही त्यात विचारात घेतलं.

मला वाटतं, शाळेतल्या लहान मुलींचा प्रश्न आणि मोठ्या बाईने स्वतःहून निवडलेला वर्ग, यांची गल्लत करू नये. आठवीतल्या मुलीला कुणी वेगळं बसवलं तर का, हे विचारायला हवं. चाळिशीतली बाई म्हणते की मला आडोसा असेल तरच मी शिकेन, तर तिच्यापुढचा दुसरा पर्याय मिश्र वर्ग नसून न शिकणं हा आहे. सगळ्या जणी कायम तिथेच राहतात असंही नाही. पाण्याची भीती गेल्यावर कुणी घरच्यांसोबत समुद्रावर जाते, कुणी नाही जात.

मात्र एक आक्षेप खरोखर अडतो, तो म्हणजे शिक्षिका आणि जीवरक्षक बायकांची टंचाई. त्यावर बाहेरून माणसं आणणं हे तात्पुरतं औषध. टिकतं ते शिकलेल्यांतूनच शिकवणाऱ्या तयार करणं. आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटाच्या उत्तर टोकाच्या पांजे प्रकल्पात मुली अंगभर कपड्यांत समुद्रात पोहायला शिकल्या, आणि शिकलेल्यांतल्या काही जणी पुढे इतरांना शिकवू लागल्या. सिडनीत 2005 मध्ये क्रोनुलाच्या समुद्रकिनाऱ्यावर अरबी वंशाच्या लोकांविरुद्ध दंगल झाली, त्यानंतर किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या संघटनेने वेगवेगळ्या समाजांतल्या तरुणांना जीवरक्षक बनवायचा उपक्रम घेतला. त्यातून मेक्का लाला ही तरुणी लाल-पिवळ्या बुर्किनीत किनाऱ्यावर ड्यूटीला उभी राहिली. गणवेश तिच्यासाठी वेगळा शिवला होता. परीक्षा मात्र सगळ्यांना लागते तीच, 400 मीटर 9 मिनिटांच्या आत.